आखाड्यावरची पऱ्हाटी

माहा जन्म अकोल्याकडचा, पूर्णेच्या काठचा. घरची काळी जमीन, आन् घरात पिढ्यानपिढ्या कुस्तीचं येड; आजा पैलवान, बाप पैलवान. शेताच्या कोपऱ्यात घरचाच आखाडा होता. बाले वाचता येत नव्हतं, तो आमाले पोथी काय शिकवनार, तो मातीत उतरवे आन् म्हणे, पयली जोड मारुतीची. म्हणजे एकट्यानं उभं राहायचं, शड्डू ठोकायचा, समोर कोनी नाई त्याले सलामी द्यायची, मंगच भावाशी भिडायचं. मी इचारे, बा, तो खरंच येते काय? बा म्हणे, तू उभा तं राय.

मंग तो कापसाचा जमाना आला. परदेशात कुठं लढाई लागली आन् उमरावतीच्या बाजारात कापूस सोन्यावानी झाला. मले पंतोजीच्या शाळेतून बाराखडी पुरी होयाच्या आधीच काढलं, कापसाच्या गाडीवर बसवलं. लोकाईनं अंगनात सरकी लावली. माहा मोठा भाऊ देवमन म्हणे, बा, आखाडा काहून रिकामा? मारुतीले वतन देल्लं काय तुमी? बा हासला, आन् त्यानं आखाड्यात वखर घालून सरकी पेरली.

काय सांगू तुमाले, दादा. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेइतकी झाली, तं आखाड्याच्या जागेवरची रोज आडवी. मोडलेली नाई, उपटलेली नाई, नुसती दाबलेली, जशी दोघं जन लोळून गेले. देवमन म्हणे, डुकरं असतीन. डुकराचा एक पाय उमटला नाई. मले रडू ये, मले वाटे, आपन मारुतीले हाकललं, आता तो आपला रायला नाई.

एक दिवस भर दुपारी, पान हालत नव्हतं, आन् आमच्या डोळ्यासमोर पऱ्हाटी वाकू लागली, दोन्हीकून. देवमनचं तोंड पांढरं पडलं. बानं पागोटं माह्या हाती देल्लं, आत गेला, शड्डू ठोकला आन् हवेले कवळ घातली. मानेच्या शिरा फुगल्या, टाचा मातीत रुतल्या. मंग त्याचे पाय जमीन सोडून वर आले, दादा, म्या पाह्यलं, आन् तो पाठीवर पडला. आमी धावलो, तं तो हासून राह्यला होता, डोळ्यात पानी. म्हणे, पोट्टेहो, रागावला हाये, पन गेला नाई.

त्याच सांजेले तिथली पऱ्हाटी आमी उपटली.

आता मी इकडं मुंबईत, कापसाच्या वखारीत गाठी लोटतो. दोन वक्ताचं भेटते, उपकार हायेत मारुतीचे. बा गेला. देवमनची कंबर गेली, त्याले मूलबाळ नाई. मले एकच भेव खाते, आखाड्यात आता कोनी उतरत नाई, आन् मारुती तथी वाट पाहत असन. म्हनून थोरल्या पोराले तालमीत घातलं, यंदा गावाकडं धाडून राह्यलो. बायको म्हणे, एवढ्या दूर काहून लेकराले, कोनासाठी? म्या म्हटलं, ज्यानं आपल्याले सोडलं नाई त्याच्यासाठी. पोरगं परवा इचारे, बाबा, मी हरलो तं? म्या म्हटलं, हरशीनच रे राजा, आन् हरलास की मले येऊन सांग, त्याचा हात अजून तसाच भारी हाये काय.