खडूच्या खुणा

कॉम्प्युटरचं नाव निघालं की मला आधी रॉकेलचा वास येतो. हसू नका, ऐका.

बहात्तरच्या आसपासची गोष्ट. नगरला माझ्या वर्कशॉपात मी आणि रेडिओ दुरुस्त करणारा शौकत, अशी दोघांची कंपनी. मुंबईच्या भंगारातून आम्ही कपाटाएवढा जुना विलायती कॉम्प्युटर आणला. शौकतनं तो चालूही केला. आता तस्साच दुसरा बनवून साखर कारखान्याला द्यायचा होता. त्यासाठी शौकतनं आतल्या सगळ्या तारा सोडवल्या आणि कुठली तार कुठं जाते, ते सांगाड्यावरच खडूनं लिहिलं. कागदावर दसरा झाल्यावर उतरवू म्हणाला.

खंडेनवमीला सकाळी आम्ही पोचलो, तर माझी आई आधीच हजर. पूजेसाठी तिनं लेथपासून पान्यापर्यंत सगळं पुसलेलं. कॉम्प्युटर तर रॉकेलच्या बोळ्यानं असा घासला होता की त्यात तोंड दिसावं. वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

"लई घान हुती रं," आई म्हणाली. "कुनीतरी पार खडूनं गिरगटून ठेवलं हुतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शौकतनं माझा हात दाबला.

"आता चांगला चालंल ना रं?" आईनं त्याला विचारलं.

"व्हय जिजी. आता चालंल."

जुना परत जुळला नाही, नवा झालाच नाही. शौकत पुन्हा रेडिओ उघडत बसला. पण दर खंडेनवमीला तो यायचा आणि कॉम्प्युटरसाठी आईच्या हातात हार द्यायचा.

आई गेली त्या वर्षीही आला. हार त्यानंच घातला आणि मला म्हणाला, "आता इकून टाक भंगारात."