पाकिटावरचं थोबाड

आमच्या बापूकाकांच्या झुपकेदार मिशा तुम्ही बघितल्यात न्हवं? एका मसालेवाल्यानं न विचारताच काकांचा फोटो कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर छापला. मग गडमुडशिंगीत जो तो काकांनाच ऐकवायचा, "तुमच्या मसाल्याला झणकाच न्हाय." काका तापले आणि मला घेऊन थेट त्याच्या कारखान्यात गेले.

"पावणं, हे थोबाड माझं हाय."

मालक म्हणाला, "व्हय, पण फोटो आमच्या माणसानं जत्रेत काढलाय. त्याचा ट्रेडमार्कबी केलाय. आता तो आमचा."

"म्हंजे माझ्या थोबाडाचं मालक तुमी?"

"कागदावर तसंच की."

काका खुर्ची ओढून ऐसपैस बसले.

"मग तुमच्या थोबाडाला भूक लागलीया, मालक. वाढा जेवायला. रस्स्यात तुमचा मसाला तेवढा घालू नका."