होस्केनचे पिंजरे

कॉर्नवॉलमधल्या आमच्या गावी, पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या : लव्हडे, आणि होस्केनच्या बोटीवर जिचा मुलगा कामाला आहे ती टॅम्सिन.

“होस्केनचे खेकड्यांचे पिंजरे किनाऱ्यावर पडलेत बघ. सगळा फ्लोटसम! बोट सांभाळता येत नाही मेल्याला.”

“फ्लोटसम नव्हे, लव्हडे. तो शब्दच मुळी तरंगण्यावरून आलाय. बुडत्या बोटीतून निसटून तरंगत येतं ते फ्लोटसम. हे त्यानं वादळात बोट हलकी करायला स्वतःच्या हातानं फेकलं. त्याला जेटसम म्हणतात.”

“समुद्राला काय कळतंय त्यातलं?”

“समुद्राला नसेल. जुन्या वकिलांनी दोन शब्द उगाच नाही ठेवले.”

“नवे होते ना गं पिंजरे?”

“कोरे! दोर, पेट्या, सगळं टाकलं. माझ्या पोराला तेवढं ठेवलं.”

“आणि बायकोनं भाजून दिलेल्या, मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या?”

“त्या सगळ्यांत आधी. वजन का कमी असतं तिच्या पास्ट्यांना?”

“पोर जाईल परत त्याच्याबरोबर?”

“एका पायावर. पण पिंजऱ्यांशिवाय जाऊन दोघं करणार काय?”

“मग माझा नंबर धर इथे. भरतीच्या आत ते वर ओढून ठेवते.”