क बॅचची हजेरी

नांदेड-लातूर गाडी अहमदपूरला थांबली होती. शेजारच्या माणसानं मांडीवर लॅपटॉप उघडून फोन स्पीकरवर टाकला. पलीकडं लातूरच्या कोचिंग क्लासच्या ऑफिसातली बाई होती.

"रिजवानभाई, हजेरी उघडतच न्हाई. ‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम’ म्हणून राहिलंय."

"म्हंजे प्रोग्राम जे टेबल शोधून राहिला, ते जागेवर न्हाई. कोणत्या बॅचचं, दीपमालाताई?"

"क बॅचचं."

"नाव बदललं का कुणी?"

"सरांनीच उडवलं. सोमवारी हॉस्टेलवर उमरीच्या शिवकन्यानं जीव दिला न्हाई का? चौकशी व्हायच्या आत तिची बॅचच दिसू नये म्हणले."

"अन् बाकीच्या पोरांची हजेरी?"

"तेच तर! मेसेज येत न्हाईत म्हणून पालक बोंबलून राहिलेत."

"थांबा, बॅकअपमधून टाकतो... हं, बघा आता."

"झालं चालू. लई उपकार."

चाकूरच्या अलीकडं तोच फोन पुन्हा वाजला.

"रिजवानभाई, ते बॅकअप सोमवारच्या आधीचं होतं का?"

"हाव. का?"

"शिवकन्याचं नाव होतं त्यात. गैरहजर म्हणून आपोआप घरी मेसेज गेला. वडिलांचा फोन आलता."

"या अल्ला. काय म्हणले?"

"ती गावी राहिली की दरवेळी म्हणायचे तेच. ‘उद्या पाठवतो तिला, मॅडम.’ अन् मग फोन ठेवेचनात."