खायच्या शाईतला फोटो

—नाही नाही, शर्टाला पुसू नका, डाग पडेल—अंगठ्याला लागलीय ना, ती खायची शाई आहे साहेब, चाटली तरी काही होत नाही. खरंच. हा घ्या टिश्यू. आणि जरा हळू बोला हं, आत सासूबाई आहेत, त्यांना सांगितलंय केकची ऑर्डर द्यायला कोणीतरी आलंय म्हणून. बरं झालं तुम्ही साध्या कपड्यात आलात. वर्दीत आला असता ना, तर खालच्या वॉचमनकडून बातमी सतराव्या मजल्यावर आधी आली असती आणि तुम्ही लिफ्टने मागून. अंबिकाकडे पोलीस कशाला, तर पासपोर्टचं व्हेरिफिकेशन. अंबिकाला पासपोर्ट कशाला? झालं मग. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिच्यावर कॉर्नफ्लोअर सांडलंय, इथे बसा. —हो आई, ऑर्डरवालेच आहेत, एक किलोचा विचारतायत— तुम्ही नुसती मान हलवा.

हां, फोटो असा का, ते विचारत होतात. सांगते. तुम्ही फोनवर म्हणालात दोन पासपोर्ट साइज फोटो तयार ठेवा. आता खाली फोटो स्टुडिओ आहे, आमच्या हितेंद्रचा, पण त्याच्या तोंडाला झाकण नाही. वहिनी, फोटो कशाला, कुठे फॉर्म भरताय—दुपारी मला विचारणार आणि संध्याकाळी आमच्या मिस्टरांना सांगणार. मग म्हटलं घरात प्रिंटर आहे की. आहे, पण त्याच्यात शाई सगळी केकची. साध्या कागदावर काढून बघितला तर ही एवढी पसरली, कावीळ झाल्यासारखा चेहरा. मग केकवर जी शीट लावतो ना आपण, साखरेची, तिच्यावर काढला. हे बघा, हा केक बघा—पलीकडच्या बिल्डिंगमधल्या आजोबांची पंच्याहत्तरी आहे, मिलमध्ये होते ते, नातीने त्यांचं मिलचं जुनं आयकार्ड पाठवलंय, तेच छापलंय मी. नंबर, शिक्का, कोपरा फाटलेला, सगळं आलंय की नाही? हे एवढं हुबेहूब येतं तर म्हटलं माझा का नाही येणार. जाड असते शीट, फोटोच्या कागदासारखीच लागते हाताला. म्हटलं पोलिसाला काय कळणार—सॉरी हं. म्हणजे तसं नाही. पण तुम्ही दाबून धरलात ना.

वितळणारच साहेब, साखर आहे. या आपल्या हवेत सगळ्याला घाम फुटतो. म्हणून तर हा एसी. घरात एकच, तोही केकसाठी घेतलेला, माझ्यासाठी नाही. खिडक्या बंद, कारण दमट हवा आली की हे फॉन्डंट, केकवर लावायचं साखरेचं मळलेलं पीठ, चिकट होतं. पंखा बंद, कारण पंख्याने सुकतं आणि कडा तडकतात. म्हणजे सकाळी खिडकी लावली की संध्याकाळीच उघडायची. समुद्राचा एवढासा तुकडा दिसतो हो त्या खिडकीतून, वरळीच्या बाजूला, पण काचेतूनच—थांबा. ऐकलंत? चमचा. दोनदा वाजला म्हणजे कूस बदलायची. आलेच मी, दोन मिनिटं. केकला हात नका लावू.

...हं. बदलली. अण्णा, माझे सासरे. बारा वर्षं झाली झोपून आहेत. उजवी बाजू गेली, वाचाही गेली, डावा हात तेवढा चालतो, त्या हातात चमचा दिलाय, तो पलंगाच्या दांडीवर वाजवतात. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे कूस. उगाच वाजवत नाहीत, शहाणे आहेत. दर दोन तासांनी वळवायचं. आईंची कंबर अशी, त्यांना उचलत नाही. मिस्टर कुरिअरच्या ऑफिसात, रात्री नऊला येतात. मग राहिलं कोण? मी. आणि मी तर नर्स ना. परळला आयसीयूत होते, नऊ वर्षं. सगळे नातेवाईक म्हणाले, काय नशीब बघा अण्णांचं, घरचीच नर्स मिळाली. नशीबच म्हणायचं. फॉन्डंट मी अशीच शिकले, मोबाइलवर बघून, यांच्या पलंगाशेजारी बसून. दोन कुशींच्या मधे काय काय करता येतं म्हणून बघत होते. एक सांगू? माझा पहिला हत्ती अण्णांनी पाहिला, सोंड पडलेला. हसले होते. या शीटच्या कडा कापतो ना आपण, उरलेल्या, त्या मी त्यांच्या जिभेवर ठेवते. विरघळतात, घशात अडकायची भीती नाही. फार आवडतं त्यांना. प्रिंटरचा आवाज आला की तोंड उघडून वाट बघत बसतात.

—हो आई, फोटोवाला केक, फोटोवाला—

तुम्ही लिहा ना काय लिहायचं ते. अंबिका धनेश, हाच पत्ता. वय त्रेचाळीस. जुना पासपोर्ट हा. दोन हजार तेराचा. बघा उघडून, एक शिक्का नाही त्याच्यात, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरा. मस्कतला नोकरी लागली होती हो मला. तारीखही आली होती, बॅग आणली होती दादरहून, निळी. जायला एकवीस दिवस राहिले आणि अण्णा पडले, बाथरूममध्ये. मिस्टर म्हणाले, सहा महिने थांब, अण्णा जरा सावरले की जा. मी थांबले. आम्ही तेव्हा चाळीत होतो. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, आम्ही सतराव्यावर आलो, पासपोर्टची मुदत संपली. ते सहा महिने काही संपले नाहीत. मिस्टर वाईट नाहीत हो, तसं नाही. मारत नाहीत, पीत नाहीत. त्यांनी नंतर विषयच काढला नाही एवढंच. त्या बॅगेत आता अण्णांचे डायपर ठेवते मी.

आता कसं सुचलं? फ्लोरीमुळे. आमच्या बॅचची, ठाकूरद्वारची, ती तेव्हा गेली ती तिकडेच आहे. तिच्या हॉस्पिटलात जागा निघाल्या. मला फोन केला, म्हणाली अंबिका, पंचेचाळीसच्या आत घेतात, ही शेवटची गाडी आहे, बस नाहीतर खाली राहा. ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला—कुठे माहितीय? इथेच, या ओट्यापाशी, दार लावून. आईंना सांगितलं केकचा क्लास घेतेय. समोरच्या बाईंनी विचारलं, बारा वर्षं गॅप का? मी म्हटलं गॅप कुठे आहे मॅडम, बारा वर्षं एकच पेशंट आहे, एक बेडसोर नाही. तिने घेतलं मला. एका क्षणात घेतलं. माझी लेक, श्रेया, ती नाशिकला हॉस्टेलवर आहे आता, तिला एकटीला माहितीय. म्हणाली आई, तू जा, मागे वळून बघू नकोस. मिस्टरांना सांगणार आहे मी. पासपोर्ट हातात आला की सांगणार. दिवसाची बाई ठेवायची अण्णांना, तिचा पगार मी तिकडून पाठवीन, सगळं ठरवलंय मनात. ही काही चोरी नाही ना साहेब? तुम्ही गुन्हे बघता रोज, तुम्ही सांगा. मला जायचंय. फार जायचंय. इतक्या वर्षांत हे कोणासमोर बोलले नाही, आणि बोलले ते पोलिसासमोर, काय म्हणावं.

उद्या? नाही हो, उद्या कशी येऊ. तुमचं पोलीस स्टेशन इथून दिसतं मला, ते काय, निळ्या पत्र्याचं—चालत सात मिनिटं. पण तुम्ही म्हणता अकरा ते एक, म्हणजे रांग, म्हणजे दोन तास. आणि आधी खरा फोटो काढायला लांब कुठेतरी जायचं, शीव कोळीवाड्याला वगैरे, जिथे कोणी ओळखत नाही. गेले होते मी एकदा. पासपोर्ट ऑफिसला अर्ज द्यायला गेले ना, ते क्रॉफर्ड मार्केटला केकचं सामान आणायला जाते सांगून. येताना दोन किलो फॉन्डंट आणलं, पुराव्याला. साडेतीन तास लागले. घरी आले तर अण्णा तसेच, त्याच कुशीवर. आईंनी वळवायला बघितलं होतं, जमलं नाही. माकडहाडापाशी लाल झालेलं, बेडसोर सुरू होतो तसं, एवढं, रुपयाएवढं. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी फ्लोरीच्या मॅडमला काय सांगितलं होतं, आठवतंय ना? आई नुसत्या पदराने अण्णांचे डोळे पुसत बसल्या. ते लाल जायला पाच आठवडे लागले साहेब, मी रोज मोजत होते.

म्हणून म्हणते, हा एक फोटो चालवून घ्या. हा दुसरा बघा, याला कोणी हात लावलेला नाही, एसीत ठेवलाय. पाकिटात घाला, दाबू नका, तुमच्या ऑफिसात स्कॅन करा आणि मग टाकून द्या. नाहीतर खाऊन टाका. —अहो आई, तुम्ही कशाला आलात चहा घेऊन, मी केला असता की. द्या इकडे. हे घ्या हो, साखर आहे त्यात. —काय? हा? हा... माझाच आहे. यांना दाखवायला काढला, नमुना. कसा छापून येतो ते. —हो, चांगला आलाय. —नाही, कोणाच्या केकवर नाही लावायचा. —अहो, काहीतरीच काय. ऐकलंत का, काय म्हणतायत? ‘सगळ्या लालबागची तोंडां छापलंस गो, तुझा तोंड कधी छापूक नाय.’ म्हणतायत, पुढच्या वाढदिवसाला माझ्या फोटोचा केक करायचा आणि तो त्या स्वतः कापणार, मी नुसतं बसायचं, खुर्चीवर. —बरं आई. बसेन. —अहो, तो कुठे नेताय? यांना हवाय तो, ऑर्डरसाठी—अण्णांना काय दाखवायचं त्यात, मी रोजच असते त्यांच्यासमोर—आई...

गेल्या. थांबा, आणते मागून. दाखवून झाला की आणते, एकच मिनिट. चहा घ्या तुम्ही. रागावल्या असत्या ना साहेब, तर बरं झालं असतं. मी तयारी केली होती त्याची, तोंडपाठ केलं होतं काय काय बोलायचं, बारा वर्षांचं. आणि या बाईने काय केलं, तर माझा केक करायचा म्हणाली. चमचा वाजत नाहीये. वाजायला हवा होता, ते काही नवीन बघितलं की वाजवतात. —आई? दाखवलात? —काय? —तोंड उघडलं? —नाही, चालतं, साखरच आहे ती. —सगळा? —बरं. बरं. हसले का? —बरं.

नाही हो, रडत नाहीये. अण्णांनी खाल्ला. त्यांना वाटलं कड आहे. रोज भरवते ना मी.

राहू दे साहेब, उद्या नको. परवाही नको. तुमच्या त्या मोबाइलमध्ये काय काय भरायचं असतं? राहत नाही, असं लिहिता येतं ना? मग ते लिहा. सदर महिला या पत्त्यावर राहत नाही. —खोटं तर खोटं, तुम्हाला कोण विचारणार आहे? अर्ज बंद होईल एवढंच ना. फ्लोरीला मी सांगेन काहीतरी. लिहा तुम्ही, मी सांगतेय ना. आणि तो चहा संपवा, नाहीतर त्यांना वाईट वाटतं. —हो आई, निघाले ते. नाही, जमत नाही म्हणतायत, दुसरीकडे बघणार आहेत— ऐकलंत, चमचा वाजला. दोनदा. जाते मी. दार तेवढं नीट ओढून घ्या, बाहेरची हवा आत आली की फॉन्डंट सुटतं.