लोहाच्या गोळ्या

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर टाके घालत बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं. बाप प्लंबर होता, हे पहिल्याच वाक्यात कळलं.

“इतक्या तुंबलेल्या नळ्या साफ केल्या मी. तुझ्या आईचीच एक नाही निघत?”

“नळी नुसती तुंबलेली नाही बाबा, हृदयाच्या नळीची भिंतच खराब झालीय. अंगात लोह फार झालं की रक्तातल्या चरबीला गंज चढल्यासारखं होतं. ती भिंतीत मुरते, असं डॉक्टर म्हणाले.”

“फार कसं होईल? अंगात रक्तच नव्हतं तिच्या! म्हणून तर मी गोळ्या आणायचो.”

“रक्त तपासलं होतं?”

“दमायची की गं.”

“हृदयामुळे दमायची, बाबा.”

शिंपीणबाईंची सुई थांबली.

“गोळ्यांनीच झालं, असं डॉक्टरही म्हणत नाहीत,” लेक म्हणाली.

“तिला नको असायच्या. मी समोर उभा राहून गिळायला लावायचो.”