सोबत कोण आहे?

(कोलकाता. डोळ्यांच्या एका रुग्णालयात ऑपरेशननंतर बसवतात ती खोली. दुपार. श्यामसुंदर बिवलकर, वय शहात्तर, डाव्या डोळ्यावर पट्टी. शेजारच्या खुर्चीवर लीना. तिच्या सासूबाई अजून आत आहेत.)

लीना: काका, खाली तुमच्या मुलाची पांढरी गाडी नाहीये. पार्किंगचे दोन्ही मजले फिरून आले. एक होती, पण तिच्यात कुणाचा तरी ड्रायव्हर घोरत पडला होता.

श्यामसुंदर: मग बाहेर रस्त्यावर लावली असेल. येईल तो. तुम्ही बसा आता. उगाच तुम्हाला त्रास.

लीना: त्रास कसला. पण सिस्टर मघापासून विचारतेय, यांच्यासोबत कोण आहे म्हणून. दारात उभी राहून तुमचं नाव पुकारून गेली. कुणीच उठलं नाही.

श्यामसुंदर: ती 'बिबोलकार' म्हणून पुकारते. मलाच माझं नाव कळत नाही, तर त्याला काय कळणार?

लीना: काका, एक विचारू? रागावू नका. मुलगा खरंच येणार आहे का?

श्यामसुंदर: तुमच्या सासूबाईंचं झालं का हो?

लीना: व्हायचंय. तुम्ही विषय बदलताय.

श्यामसुंदर: सैन्यात होतो मी. माघार कशी घ्यायची ते शिकवतात तिथे.

लीना: मग घ्या की!

श्यामसुंदर: मुलगा नॉर्वेला असतो.

लीना: नॉर्वेला! आणि मला तुम्ही पार्किंगमध्ये शोधायला पाठवलंत?

श्यामसुंदर: मी कुठे पाठवलं? मी 'नको नको' म्हणेपर्यंत तुमच्या चपलांचा आवाज दाराबाहेर गेलासुद्धा. सिस्टरला सांगितलेलं तुम्ही ऐकलंत आणि खरं मानलंत. तिला काहीतरी सांगणं भाग होतं. सोबत माणूस असल्याशिवाय सोडत नाहीत इथे.

लीना: बरोबरच आहे त्यांचं. एका डोळ्याने माणूस जाणार कसा? म्हणजे, उजव्याने दिसतं ना तुम्हाला?

श्यामसुंदर: उजवा नावालाच आहे. सन एकाहत्तरपासून. उजेड-अंधार तेवढा कळतो. तुम्ही माझ्या लेखी आत्ता एक निळसर डाग आहात.

लीना: कुर्ता हिरवा आहे माझा.

श्यामसुंदर: घ्या. म्हणजे तेही गेलं.

लीना: थांबा काका. म्हणजे धड असलेल्या एकुलत्या एका डोळ्याचं ऑपरेशन, आणि तुम्ही एकटे आलात? घरी कुणी...

श्यामसुंदर: एकटा नव्हतो आलो. फाटकापर्यंत माणूस होता. अजेयने, म्हणजे मुलाने, एका कंपनीचा माणूस लावलाय. म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचं, औषधं आणून द्यायची, असल्या कामांना. हल्ली या शहरात निम्म्या घरांत म्हातारी माणसंच उरलीत, तेव्हा हा धंदा जोरात आहे.

लीना: मग तो कुठाय?

श्यामसुंदर: घालवून दिला.

लीना: का?

श्यामसुंदर: माणूस वाईट नाही. पण सारखे फोटो काढतो. गोळी घेतली, फोटो. जेवायला बसलो, फोटो. 'अंकल, थोडा हसिये.' की लगेच तो फोटो नॉर्वेला. पार्सल पोचल्याची पावती असते ना, तशी. आज सकाळी फाटकात म्हणतो, पट्टी बांधली की पट्टीचाही काढू. माझं डोकं फिरलं. म्हटलं, जा बाबा तू. मी माझा येईन टॅक्सीने.

लीना: आणि पट्टी बांधल्यावर कळलं, की टॅक्सी दिसायलाही डोळा लागतो.

श्यामसुंदर: तुम्ही बँकेत आहात म्हणालात ना? शाळेत मास्तरीण शोभला असतात.

लीना: नाशिकला माझ्या आईचंही हेच म्हणणं होतं. काका, लढाईत गेला का तो डोळा?

श्यामसुंदर: लढाई म्हटली की लोकांना वाटतं बंदूक घेऊन धावत होतो. इथल्या मराठी मंडळात दर डिसेंबरला मला शाल देतात, आणि मग चहाच्या वेळी कुणीतरी हळूच विचारतं, 'काका, किती मारले?' अहो, मी इंजिनिअर्समध्ये होतो. बावीस वर्षांचं पोर. पुण्याला पदवी घेतली आणि थेट तिकडे, बांगलादेशच्या चिखलात. आमचं काम एकच, मागून येणाऱ्यांना वाट करून द्यायची. नदी आली की पूल टाका, शेतात सुरुंग पेरलेत तर ते काढा. माझ्या पुढे दिलीप म्हणून सांगलीकडचा जवान होता. त्याचा पाय सुरुंगावर पडला. तो जागच्या जागी गेला, आणि मला माती लागली.

लीना: माती?

श्यामसुंदर: उडालेली. खडे, चिखल, सगळं डोळ्यांत. त्याच्यामागे मी होतो म्हणून मी वाचलो. आता शहात्तर वर्षांचा आहे, आणि तो अजून एकवीसचा. काही वेळा सकाळी दाढी करताना वाटतं, त्याला आता माझा चेहरा ओळखू येणार नाही. जाऊ दे. तुमची जेवायची वेळ झाली असेल.

लीना: माझं जेवण राहू दे. मग पुढे?

श्यामसुंदर: पुढे इथेच आणलं, कोलकात्याच्या लष्करी रुग्णालयात. दोन्ही डोळे बांधलेले. आजूबाजूला सगळे बोलत असायचे, पण बंगाली, मल्याळी, पंजाबी. मी बोलणंच सोडलं. डॉक्टरांना वाटलं, याचे कानही गेले. तेव्हा शहरातल्या मुली वॉर्डात मदतीला यायच्या. कुणीतरी इथल्याच गार्डन रीच भागातून एक मराठी मुलगी आणून बसवली. वडील रेल्वेत मोठे साहेब. तिला मला वाचून दाखवायचं होतं, पण घरात मराठी पुस्तक एकच, आईचं विणकामाचं. तेच घेऊन आली. 'दोन सुलट, एक उलट, पुढचा टाका न विणता उचलावा.' रोज. मी ऐकत पडायचो. बाही कुठे घटवायची ते मला आजही सांगता येईल.

लीना: अय्या! मग त्या...

श्यामसुंदर: सुमन. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा पाहिली. चिडलेली होती. म्हणाली, 'इतके दिवस वाचतेय, एकदा तरी पुरे म्हणायचंत!'

लीना: मग तुम्ही इथेच राहिलात.

श्यामसुंदर: तिला हे शहर सुटेना. मी डोळ्यामुळे सैन्यातून सुटलोच होतो. गार्डन रीचलाच जहाजं बांधतात, तिथे लागलो. सगळी नोकरी तिथे झाली. जहाज बांधायचं, रंग द्यायचा, फुलं-नारळ झाले की ते निघालं नदीतून. आपण धक्क्यावर. मला आवडायचं ते. आता कधी कधी वाटतं, जन्मभर मी एवढंच केलं. दुसऱ्याला जायला वाट करून दिली. मुलाचंही तेच. इतकी चांगली वाट करून दिली, की त्याला मागे वळून बघायची गरजच पडली नाही.

लीना: आणि काकू?

श्यामसुंदर: गेली. करोना संपला त्यानंतरच्या वर्षी. साधा ताप होता. तेव्हापासून घरात मराठी बोलायला कुणी नाही. अजेय रविवारी फोन करतो. बाकी आठवडा भाषा तोंडातल्या तोंडात. परवा कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, 'बंद कर गं.' मग आपणच उठलो.

लीना: काका... थांबा, तुमच्या खिशात फोन वाजतोय.

श्यामसुंदर: वाजू दे. मघापासून थरथरतोय. तोच असणार. कंपनीने कळवलं असेल, पार्सल हरवलं म्हणून.

लीना: द्या इकडे. उचलते मी.

श्यामसुंदर: नको. अहो, नको म्हणतोय ना!

लीना: उचललासुद्धा. स्पीकर लावलाय. बोला.

अजेय: बाबा? बाबा! कुठे आहात तुम्ही? मी केव्हापासून फोन करतोय, तुम्ही फोन उचललंच नाही!

श्यामसुंदर: उचलला. तो फोन. फोन उचलला नाही.

अजेय: बाबा, प्लीज! आत्ता व्याकरण नको.

लीना: हॅलो, मी लीना. माझ्या सासूबाईंचंही आज इथे ऑपरेशन आहे. तुमचे बाबा ठीक आहेत. ऑपरेशन नीट झालंय, पट्टी उद्या काढणार आहेत. घरी मी सोडते त्यांना, काळजी करू नका.

श्यामसुंदर: तुम्ही कशाला? मी गार्डन रीचला राहतो.

लीना: आम्ही अलीपूरला, बँकेच्या क्वार्टर्समध्ये. तिथून पुढे आहेच किती? तुम्ही बोला दोघं. मी सिस्टरला सांगून येते, आणि आत सासूबाईंचं कुठवर आलंय तेही बघते.

अजेय: थँक यू, ताई. थँक यू. बाबा, त्या माणसाला परत का पाठवलं?

श्यामसुंदर: मला त्याच्या फोटोत उभं राहायचं नव्हतं. बाप जिवंत आहे की नाही, याची रोज हजेरी घेतोस? सैन्यातसुद्धा हजेरी तोंडी व्हायची.

अजेय: हजेरी नाहीये ती.

श्यामसुंदर: मग काय आहे?

अजेय: मी त्यात तुम्हाला नाही बघत. म्हणजे, बघतो, ठीक आहेत एवढं बघतो. मग मागचं बघतो. मोठं करून. खिडकी. कॅलेंडर. गेल्या आठवड्यात तुमच्या मागे शेजारच्या मुखर्जींच्या गच्चीत चादर वाळत होती, ती जुनी, फुलांची. मी मीटिंगमध्ये ती चादर बघत बसलो होतो, बाबा. आईच्या कुंड्या आता तीनच राहिल्यात, ते मला फोटोतून कळलं. तुम्ही सांगितलं नाही.

श्यामसुंदर: कुंड्यांचं काय सांगायचं?

अजेय: तेच तर सांगायचं असतं. तुम्ही रविवारी मला ब्लड प्रेशर सांगता.

श्यामसुंदर: तू तेच विचारतोस.

अजेय: मला दुसरं काही विचारता येत नाही. इथे मी मराठी फक्त तुमच्याशी बोलतो. बायकोशी इंग्लिश, मुलींशी त्यांची भाषा. मनात काही येतं, ते मराठीत नीट येत नाही, आणि तुमच्याशी इंग्लिश बोललं की वाटतं ऑफिसमध्ये बोलतोय. मग विचारतो, बीपी किती?

श्यामसुंदर: हं.

अजेय: रागावलात?

श्यामसुंदर: नाही रे. मला वाटायचं, तू घाईत असतोस. मी आकडे सांगून मोकळा करायचो तुला.

अजेय: ऑपरेशनचं तरी सांगायचं. ती कंपनी मला आज कळवते, की तुमच्या वडिलांनी आमच्या माणसाला परत पाठवलं. मला माहीतच नव्हतं, आज डोळा आहे! तोही तो डोळा.

श्यामसुंदर: सांगितलं असतं तर तू तिकीट काढलं असतंस. मुलींची शाळा, तुझी नोकरी.

अजेय: हो, काढलं असतं. तेवढं तरी करू द्यायचं मला. भीती वाटली का तुम्हाला? आत?

श्यामसुंदर: वाटली.

अजेय: हं.

श्यामसुंदर: टेबलावर आडवं केलं, तोंडावर कापड टाकलं, तेव्हा वाटलं, हाही गेला तर पुढचं सगळं आवाजावर काढावं लागेल. आणि घरात तर आवाजच नाही. एकदा काढलंय मी तसं, पण तेव्हा वय लहान होतं.

लीना: चला काका. सासूबाईंचंही आटोपलं, त्यांना गाडीत बसवून आले. हात द्या. दोन पायऱ्या आहेत पुढे.

श्यामसुंदर: सिस्टरने सोडलं? नातं काय सांगितलंस?

लीना: सकाळपासून काका म्हणतेय, तेच सांगितलं. हं, आता उजवीकडे वळा. फोन चालू आहे का अजून?

अजेय: मी आहे. बाबा, घरी पोचेपर्यंत ठेवू नका फोन.

श्यामसुंदर: अरे, तुझं ऑफिस?

अजेय: बाहेर येऊन उभा आहे. कोट घालून.

लीना: डोकं सांभाळा काका, वाकून बसा. हं, झालं. पुढेच बसा तुम्ही. आई, हे बिवलकर काका, आपण यांना सोडणार आहोत. काका, फोन पडेल. तुमच्या मांडीवर ठेवते.

श्यामसुंदर: काय बोलू मी आता एवढा वेळ? दिसत तर काही नाही मला.

अजेय: काही बोलू नका. नुसता चालू राहू द्या. इथे रस्त्यावर कुणीच नाहीये, बर्फ पडलाय. कसलाच आवाज नाही. तिथे आता खिदीरपूरचं मार्केट लागेल ना? बसवाले ओरडतात ते?

श्यामसुंदर: लागेल. मोडलेला सिग्नल अजून तसाच असेल, तिथे अडकूच आपण.

अजेय: अडका. चालेल.

श्यामसुंदर: येतंय का ऐकू?

अजेय: थोडं. लांबून येतंय.

श्यामसुंदर: लीना, माझ्या बाजूची काच खाली कर गं.

लीना: एसी चालू आहे, काका.

श्यामसुंदर: असू दे. त्याला तिकडे नीट ऐकू जात नाहीये.